नकाशावरचे आरक्षण कोणी खाल्ले?

आरक्षण म्हटले की आमच्या तरुणांचे कान टवकारतात. किती टक्के, किती जागा, बॅकलॉग किती, बिंदुनामावली बरोबर आहे की नाही, हे सगळे आम्हाला तोंडपाठ असते. असायलाच हवे. पण आणखी एक आरक्षण आहे, त्याच्याबद्दल आमच्या सभांमध्ये शब्दही निघत नाही. ते नोकरीचे नाही, कॉलेजच्या प्रवेशाचे नाही. ते जमिनीचे आहे. प्रत्येक शहराच्या विकास आराखड्यात क्रीडांगण, बाग, वाचनालय, व्यायामशाळा यांसाठी भूखंड राखून ठेवलेले असतात आणि सरकारी भाषेत त्यालाही आरक्षणच म्हणतात. हे आरक्षण आमच्या डोळ्यांदेखत खाल्ले जात आहे. नोकरीतल्या आरक्षणाला धक्का लागला की आम्ही रस्त्यावर उतरतो. या आरक्षणाचा घास घेतला जातो तेव्हा आम्हाला त्याची खबरही नसते.

कोणत्याही वस्तीत संध्याकाळी सहा वाजता जाऊन पाहा. चार फुटांच्या गल्लीत पोरे क्रिकेट खेळत असतात. चेंडू कुणाच्या पाण्याच्या ड्रममध्ये पडतो, कुणाच्या पत्र्यावर आदळतो, कुणाच्या झोपलेल्या बाळाला लागतो. भांडण होते. कुणीतरी ओरडते, "मैदानावर जाऊन खेळा!" पोरे गप्प होतात, कारण मैदान नाहीच. मुली तर गल्लीतही नसतात. त्या दारात बसून भावांचा खेळ बघतात.

हा प्रश्न आम्ही कार्यकर्त्यांच्या बैठकीत मांडला की उत्तर ठरलेले: "आधी घर, शिक्षण, नोकरी. अत्याचाराच्या केसेस पडल्यात आणि तुम्हाला बागा सुचतायत?" हे उत्तर देणारे आमचेच लोक आहेत, प्रामाणिक आहेत. तरीही ते चुकत आहेत, असे आम्हाला स्पष्ट म्हणायचे आहे. बाग हा श्रीमंतांचा शौक आहे, ही समजूत आमची नाही, आमच्या डोक्यात घातलेली आहे. ज्यांनी शतकानुशतके आमच्याकडून फक्त राबणूक करून घेतली, त्यांच्याच सोयीची ती समजूत आहे.

बाबासाहेब फुरसतीबद्दल काय म्हणाले?

बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणारा ग्रंथ लिहिला. त्यात गांधीवादावर एक प्रकरण आहे. गांधींचा यंत्राला विरोध होता, चरख्यावर भर होता. बाबासाहेबांनी त्यावर जो हल्ला चढवला, त्याचा गाभा फुरसत हा आहे. पशू फक्त पोट भरण्यासाठी जगतो. माणसाला मनाची मशागत करता येते. पण ती करायला वेळ लागतो, आणि ज्याचा सगळा दिवस पोटामागे धावण्यात जातो त्याला हा वेळ कधीच मिळत नाही. म्हणून यंत्राने श्रम कमी करावेत आणि त्यातून वाचलेला वेळ सर्वांच्या वाट्याला यावा. मूठभरांना फुरसत आणि बाकीच्यांना राबणूक ही वाटणी लोकशाही समाजाला मान्य होऊ शकत नाही, असा तो युक्तिवाद आहे.

बाबासाहेब एवढे लिहून थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. दर १ मेला "बाबासाहेबांनी कामाचे तास १४ वरून ८ केले" असा मजकूर मोबाइलवर फिरतो. विरोधक मग त्यात चूक काढून सगळेच खोटे ठरवतात. म्हणून नेमके माहीत हवे. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. बाबासाहेबांनी आणलेल्या दुरुस्तीने ती १९४६ साली ४८ तासांवर आली. आठवड्याला सहा तास. कामगाराच्या आयुष्यातले हे सहा तास मालकाच्या हातून काढून कामगाराच्या हातात दिले गेले.

आता प्रश्न असा की त्या सहा तासांचे कामगाराने करायचे काय आणि कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे राहत असतील तर फुरसत मिळूनही ती घालवायला जागा नाही. वेळ आणि जागा या दोन्ही गोष्टी मिळाल्या तरच फुरसत पुरी होते. वेळेची लढाई बाबासाहेबांनी लढली. जागेची लढाई आमच्यावर सोपवलेली आहे.

मैदानाला जात असते

"खेळाला जात नसते" असे सांगणारे भेटतात. त्यांना पालवणकर बाळूची गोष्ट सांगावी. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये खेळपट्टीची देखभाल करत असे आणि नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकत असे. त्याची गोलंदाजी इतकी भारी होती की पुण्याच्या हिंदू संघाला त्याला खेळवावेच लागले. पण चहाच्या वेळी सवर्ण खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा पीत आणि बाळूला बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा याच बाळूने त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते त्याचा भाऊ विठ्ठल याला १९२३ मध्ये मिळाले, तेही मोठ्या वादानंतर.

पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. तो राजकारणाचा भाग झाला. पण खेळाडू म्हणून बाळूंचा बाबासाहेबांना अभिमान होता, हेही इतिहासात नोंदलेले आहे. आपल्या माणसाला एकदा मैदानावर पाय ठेवायला मिळाला तर तो काय करून दाखवतो, हे त्या काळच्या अस्पृश्य तरुणांनी बाळूमुळे डोळ्यांनी पाहिले होते.

मुंबईत मरीन ड्राइव्हला आजही हिंदू, पारशी, इस्लाम जिमखाने ओळीने उभे आहेत. समुद्रासमोरच्या त्या मोक्याच्या जागा इंग्रज सरकारने धर्माच्या नावाने वाटल्या. त्या वाटपात आमचा वाटा कुठे होता? बाळू हिंदूंसाठी बळी घेत होता, पण त्याच्या समाजाच्या नावावर एक वाफाही नव्हता. पुढे खेळाची, बागेची, मनोरंजनाची मोक्याची जागा ज्यांच्या हातात गेली, त्यांच्याकडेच ती राहिली.

चवदार तळ्याचा धडा

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. त्यानंतर महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदावर चवदार तळे आमचे झालेले होते. पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा तो कागद जिवंत झाला.

महाडचा धडा फक्त पाण्यापुरता नाही. सार्वजनिक पैशाने उभी राहिलेली प्रत्येक गोष्ट ही आमचीही आहे, हा तो धडा आहे. म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांच्या बरोबरीने सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे आणि लोकांच्या राबत्याच्या जागा यांचाही उल्लेख आहे. करमणुकीची ठिकाणे! संविधानकर्त्यांना हा शब्द किरकोळ वाटला नव्हता. आमच्याच कार्यकर्त्यांना तो किरकोळ वाटतो, हे दुर्दैव आहे.

आज बागेच्या दारावर "अस्पृश्यांना प्रवेश नाही" अशी पाटी कुणी लावणार नाही. ती लावली तर अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल होईल. म्हणून आज दुसरी युक्ती वापरतात. बाग आमच्या वस्तीपर्यंत येऊच दिली जात नाही. जी आहे तिला दुपारी कुलूप असते, म्हणजे नाक्यावर कामाची वाट बघून थकलेल्या माणसाला सावलीत टेकता येत नाही. "खेळू नये, बसू नये, झोपू नये" अशा पाट्या असतात. पोहण्याच्या तलावाची फी एकरकमी मागितली की रोजंदारीवरचा बाप आपोआप बाहेर राहतो. जातीचे नाव न घेता जातीचे काम होते.

आरक्षण खाण्याची रीत

आता हे घडते कसे ते समजून घेऊ. महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा आहे. त्याच्या कलम २२ प्रमाणे शहराच्या विकास आराखड्यात शाळा, दवाखाने, बाजार यांच्याबरोबरच मोकळ्या जागा, क्रीडांगणे, स्टेडियम यांसाठी जमीन नेमून द्यायची असते. असा आराखडा साधारण वीस वर्षांसाठी होतो. मुंबईचा पहिला आराखडा साठच्या दशकातला, दुसरा नव्वदच्या दशकातला आणि सध्याचा २०३४ पर्यंतचा, तो २०१८ मध्ये मंजूर झाला. पिढीला एकदा ही संधी येते. त्या वेळी ज्याने हरकत नोंदवली नाही, त्याच्या मुलांचे बालपण हुकले.

कागदावर आरक्षण पडले म्हणजे मैदान मिळाले असे नाही. जमीन खासगी मालकाची असेल तर पालिकेने ती ताब्यात घ्यावी लागते. त्याच कायद्याचे कलम १२७ सांगते की दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या ठरलेल्या मुदतीतही पालिका हलली नाही तर आरक्षण रद्द होते. मालकाला न्याय मिळावा म्हणून हे कलम आहे. पण पालिका झोपली तर? फाइल मुद्दाम दाबून ठेवली तर? मुदत संपते, आरक्षण उडते आणि तिथे टॉवर उभा राहतो. कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल करून आरक्षण हलवता किंवा बदलताही येते. त्याची सूचना कुठल्या तरी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापून येते.

ही रीत ओळखीची वाटते ना? नोकरीतही असेच चालते. जागा भरायच्या नाहीत, बॅकलॉग साठू द्यायचा, मग "योग्य उमेदवार मिळाला नाही" म्हणून जागा फिरवायची. इथे उमेदवाराऐवजी निधी मिळत नाही, एवढाच फरक. महापालिका कायद्यानेही त्यांना पळवाट दिली आहे. त्यात पालिकेची कर्तव्ये बंधनकारक आणि ऐच्छिक अशा दोन याद्यांत विभागलेली आहेत आणि बागा, क्रीडांगणे ऐच्छिक यादीत आहेत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत बागा व क्रीडांगणांची सोय हा नगरपालिकांच्या कामाचा स्वतंत्र विषय म्हणून नोंदला गेला. तरी "ऐच्छिक" या शब्दाची सवय काही सुटत नाही.

सगळ्यात मोठा घास कुठे घेतला गेला? गिरणगावात. मुंबईच्या ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. परळ, लालबाग, डिलाइल रोड, नायगाव. याच गिरण्यांत आमच्या आज्या-आजोबांनी घाम गाळला. त्यातही विणकामाच्या खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत राहिले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये राज्य सरकारने त्या नियमात बदल केला. पूर्ण जमिनीऐवजी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या भागाचे वाटे करायचे ठरले. गिरणीची बहुतेक जमीन इमारतींखाली होती, म्हणजे वाट्याला आलेली जमीन कित्येक पटींनी घटली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. आज तिथे मॉल आहेत. गिरणी कामगाराचा नातू त्या मॉलच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून उभा आहे.

आम्ही त्या वेळी कुठे होतो? काही कामगार संघटना आणि मोजके पर्यावरणवादी लढत होते. आंबेडकरी चळवळ म्हणून आम्ही त्या लढाईत ताकदीने उतरलो नाही, हे आम्हाला मान्य करावे लागेल.

सरासरीचा खेळ

केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचना सांगतात की शहरात दर माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. मुंबईत प्रत्यक्षात सव्वा चौरस मीटरच्या आसपास जागा आहे, हा आकडा वर्षानुवर्षे चर्चेत आहे. सव्वा चौरस मीटर म्हणजे एक माणूस धड झोपूही शकणार नाही एवढी जागा. २०३४ च्या आराखड्याने लक्ष्य ठेवले ते चार चौरस मीटरचे. म्हणजे कागदावरचे स्वप्नही मापाच्या निम्म्याहून कमी!

पण आम्ही सरासरीवर बोलणे थांबवले पाहिजे. सरासरी ही प्रस्थापितांची भाषा आहे. महालक्ष्मीचे रेसकोर्स २११ एकरांचे. त्याचा भाडेकरार २०१३ मध्येच संपला होता, तरी त्यातली १२० एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी मोकळी करायचा निर्णय व्हायला २०२४ उजाडले. घोड्यांना इतकी वर्षे धावायला जागा होती. आता देवनार-गोवंडीकडे वळा. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात एम-पूर्व विभाग सगळ्यात तळाला होता. शहराचा कचरा तिथे जवळजवळ शतकभर टाकला जात आहे. जानेवारी २०१६ मध्ये कचराभूमीला आग लागली तेव्हा शहराच्या इतर भागांना पहिल्यांदा धुराचा वास आला. तिथल्या लोकांचे तर रोजचे श्वास तेच आहेत. प्रकल्पग्रस्तांना तिथे आणून ठेवले त्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यावर ऊन पोचत नाही, आणि ऊन-वाऱ्याच्या या अभावाचा क्षयरोगाशी संबंध अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. मोकळी जागा ही तिथे शोभेची वस्तू नाही. तो फुप्फुसाचा प्रश्न आहे.

दुसरीकडे, जी मैदाने आहेत ती "दत्तक" देण्याचे धोरण पालिकेने चालवले. नाव दत्तक, पण घडले असे की काही मैदानांवर पुढाऱ्यांच्या संस्थांचे क्लब उभे राहिले, भिंती आल्या, सभासदत्व आले. २०१६ मध्ये लोकांनी आवाज उठवल्यावर सरकारने धोरणाला स्थगिती दिली आणि दोनशेहून अधिक भूखंड परत घ्यायला सांगितले. सार्वजनिक जमीन खासगी कुंपणात गेली की पहिला बाहेर कोण पडतो, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही.

झोपडी विरुद्ध बाग हे भांडण कोणी लावले?

इथे आम्हाला मोकळ्या जागांसाठी लढणाऱ्या उच्चभ्रू मंडळींशीही दोन शब्द बोलायचे आहेत. त्यांनी शहरासाठी केलेले काम आम्ही नाकारत नाही. पण त्यांच्या निवेदनांत झोपडीवासी नेहमी "अतिक्रमण" या एकाच शब्दात येतो. जणू बाग ही झोपडीने गिळली. राखीव मैदानावर वस्ती बसली असेल तर ती का बसली? शहराला सफाई कामगार हवा होता, घरकाम करणारी बाई हवी होती, बांधकामावर बिगारी हवा होता, पण त्यांच्या घरासाठी आराखड्यात जमीन नको होती. मग ती माणसे कुठे राहणार? २०११ च्या जनगणनेत मुंबईची चाळीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत होती. जवळजवळ निम्म्या शहराला "अतिक्रमण" म्हणणारा आराखडा हाच मुळात खोटा आराखडा आहे.

राखीव मोकळ्या जागांवरील झोपडपट्ट्यांच्या पुनर्वसनाचा खटला उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. जून २०२५ मध्ये निकाल आला. जागेवर पुनर्वसन करता येईल, पण किमान ३५ टक्के जमीन मोकळी ठेवावी लागेल, हा नियम न्यायालयाने कायम ठेवला. आमच्या काही मित्रांनी घरे वाचली म्हणून आनंद मानला. आम्हालाही तो झाला. पण आम्ही विचारतो, त्या ३५ टक्क्यांचे पुढे काय? बिल्डर ती जागा दोन टॉवरच्या मधल्या पट्टीत दाखवेल, त्यावर गाड्या लावेल, विक्रीच्या इमारतीच्या बाजूने फाटक ठेवेल आणि पुनर्वसनाच्या इमारतीतल्या पोराला वॉचमन हाकलून लावेल. ते ३५ टक्के आमच्या पोरांच्या पायाखाली आले पाहिजेत. घर की मैदान, असा पर्याय आमच्यापुढे ठेवणाऱ्याला आमचे उत्तर एकच: दोन्ही. तुमच्या मुलांना कधी या दोहोंपैकी एक निवडायला सांगितले होते काय?

आपल्या घरातली झाडलोट

दुसऱ्यांना जाब विचारताना स्वतःलाही विचारला पाहिजे. इंदू मिलच्या जमिनीसाठी आंबेडकरी तरुण गिरणीत घुसले आणि बाबासाहेबांच्या स्मारकासाठी सरकारला ती जमीन द्यावी लागली. आम्हाला त्या लढ्याचा अभिमान आहे. जमीन कशी मिळवायची हे आम्हाला कळते, याचा तो पुरावा आहे. मग तीच ताकद आम्ही वॉर्डातल्या एका क्रीडांगणाच्या आरक्षणासाठी का लावत नाही?

६ डिसेंबरला लाखो लोक चैत्यभूमीवर येतात, शिवाजी पार्कवर मुक्काम करतात. दरवर्षी कुणीतरी घाणीची तक्रार करते. त्या दिवशी ते मैदान खऱ्या अर्थाने सार्वजनिक झालेले असते आणि तेच काहींना सलते. पण ७ डिसेंबरला आम्ही घरी परततो आणि आमच्या वस्तीत तसे एखादे मैदान का नाही, हा प्रश्न सोबत घेऊन जात नाही.

वस्तीतला विहार हाच आज आमचा एकमेव सार्वजनिक दिवाणखाना आहे. तिथेच वंदना, तिथेच अभ्यासिका, तिथेच लग्न, तिथेच बैठक. समाजाने वर्गणी काढून तो उभा केला. वस्ती सुधारणेचा निधी आला की नगरसेवक पेव्हर ब्लॉक बसवतो, कमान उभारतो, कमानीवर स्वतःचे नाव घालतो आणि आम्ही टाळ्या वाजवतो. कमानीखालून चेंडू टाकता येत नाही, हे त्याला कुणी सांगत नाही. आमच्याच काही मंडळांनी मोकळ्या जागेवर पत्र्याचे कार्यालय ठोकले आणि पोरांची खेळपट्टी गेली, हेही खरे आहे. हे बंद झाले पाहिजे.

आणि मुलींबद्दल. कबड्डीच्या जर्सीवर बाबासाहेबांचा फोटो छापणाऱ्या किती मंडळांकडे मुलींचा संघ आहे? मैदानावर दिवा नसेल, स्वच्छतागृह नसेल, टोळक्याने कट्टा अडवलेला असेल, तर ते मैदान मुलींसाठी बंदच असते. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजणाऱ्या बाबासाहेबांचे आम्ही अनुयायी. म्हणून मैदान मागताना दिवा, स्वच्छतागृह आणि मुलींसाठी प्रशिक्षक ही मागणी त्याच अर्जात असली पाहिजे.

काय करायचे?

भाषण पुरे. आमच्या गटाने गेल्या वर्षी जे केले ते सांगतो. आम्ही विभाग कार्यालयात वस्तीचा डीपी नकाशा मागायला गेलो. खिडकीवरच्या साहेबांनी आधी विचारले, "कशाला पाहिजे? बांधकाम करायचंय का?" मैदान शोधायचे आहे म्हटल्यावर ते हसले. तीन खेपा घातल्यावर नकाशा हातात आला. तेव्हा कळले की वस्तीमागची जी जागा आम्ही लहानपणापासून "खड्डा" म्हणून ओळखतो, जिथे डेब्रिज टाकले जाते, ती नकाशावर क्रीडांगण आहे! आमच्यातले वयस्कर काका नकाशावर बोट ठेवून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "म्हणजे हे आपलंच होतं होय!" लढाई अजून संपलेली नाही. जागेवर डेब्रिज आहेच. पण आता तिथे गाडी रिकामी करायला आली की पोरे फोटो काढतात आणि अर्ज जातो.

प्रत्येक वस्तीत हे करता येईल. विकास आराखड्याचे नकाशे सार्वजनिक आहेत, ते मिळवा. मुंबईच्या आराखड्यात मोकळ्या जागेच्या खुणेआधी "ईओएस" असेल तर ती अस्तित्वातली जागा, "आरओएस" असेल तर राखीव. नकाशा घेऊन जागेवर जा आणि तिथे आज काय आहे ते लिहून काढा. जागा कुणाच्या मालकीची, ताबा घेतला का, खरेदीची नोटीस आली आहे का, हे माहिती अधिकारात विचारा. दहा वर्षे उलटत आलेली आरक्षणे आधी पकडा, कारण धोका तिथेच जास्त. कलम ३७ खालच्या सूचनांवर एकाने नजर ठेवायची जबाबदारी घ्या. हरकत एकाची नको, घरटी एक द्या. मार्च २०२२ नंतर मुंबई महापालिकेचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती होता आणि लोकांचा आवाज पोचवणारे सभागृहच नव्हते. म्हणून पुन्हा मत मागायला येणाऱ्याला कमान दाखवू देऊ नका. नकाशा दाखवा आणि विचारा, हे आरक्षण कुठे गेले?

आमच्यात वकील आहेत, आर्किटेक्ट आहेत, नगररचना शिकलेली मुले-मुली आहेत. नोकरीतल्या आरक्षणाने त्यांना शिकवले, उभे केले. त्यांनी आता महिन्यातला एक रविवार नकाशावरच्या आरक्षणासाठी द्यावा. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' यातल्या शिकण्यात नकाशा वाचायला शिकणेही येते.

महाडला कागदावरचा ठराव आधी आला आणि पाण्याला हात चार वर्षांनी लागला. आमच्या मैदानांचा कागद तर दशकानुदशके पडून आहे. तो कागद हातात घेऊन पोरांसकट त्या जागेवर जाऊन उभे राहायचे आहे. चेंडू सोबत न्यायला विसरू नका.

जय भीम!